न विचारता मिळेल

लहान मुलांच्या सुरक्षिततेबद्दल मला कोणी काही विचारत नाही, हे माझं निवृत्तीनंतरचं मुख्य दुःख आहे. पेन्शन वेळेवर येते, गुडघेही अजून कुरकुरत नाहीत. पण सोसायटीतल्या एवढ्या लेकुरवाळ्यांपैकी एकीलाही 'काका, भाजलं तर काय लावायचं?' असं विचारावंसं वाटू नये? उत्तर तयार आहे. काहीही लावायचं नाही! वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरायचं. टूथपेस्ट नाही, शाई नाही, बटाट्याचा कीस नाही. हे उत्तर मी लिफ्टमध्ये दिलंय, दुधाच्या रांगेत दिलंय, एका बारशात तर 'कुणी गोविंद घ्या' चालू असताना दिलंय.

घरात माझं ज्ञान फुकट मिळालेल्या कॅलेंडरासारखं. भिंतीवर असतं, बघत कोणी नाही. सुनेचे बालरोगतज्ज्ञ वेगळे, तिच्या मैत्रिणींचा ग्रुप वेगळा, आणि ठाण्याला घोडबंदर रोडला राहणाऱ्या विहीणबाई म्हणजे तर स्वतंत्र खातंच. नातू दोन महिन्यांचा असताना त्या फोनवरून गुटी उगाळायच्या. वेखंडाचे दोन वेढे, जायफळाचा एक. सून 'हो आई' म्हणायची आणि द्यायची नाही, कारण सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. मी तेच सांगत होतो! पण मी सांगितलं तेव्हा 'बघू बाबा', आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर 'बाबा, तुम्हाला माहितीये का?'

आता बोरन्हाणाबद्दल. विषय जरा सुटतोय हे मला कळतंय, पण बोरन्हाणावर माझा अभ्यास आहे आणि तो मी वाया जाऊ देणार नाही.

संक्रांत जवळ आली तशी हिने सामानाची यादी केली. बोरं, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, रेवड्या, हलवा, लिमलेटच्या गोळ्या, चुरमुरे. त्याच आठवड्यात फ्रिजवर सुनेने दुसरा कागद लावला. पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात काय काय अडकू शकतं त्याचा. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि मला दरदरून घाम फुटला. शेंगदाणे, बिया असलेली फळं, कडक गोळ्या, हरभरे. चुरमुऱ्यांबद्दल फार तर मतभेद होऊ शकतील; बाकी एकही वस्तू सुटली नव्हती. म्हणजे आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं. धोक्याच्या वस्तूंची यादी त्यांनी शेकडो वर्षांपूर्वीच बिनचूक करून ठेवली होती. फक्त ती मुलाच्या डोक्यावरून ओतायची पद्धत होती. बरं, मूल कोणतं? दिसेल ते तोंडात घालणारं. ओतायचं केव्हा? ते आ वासून भोकाड पसरतं तेव्हा. गळ्यात हलव्याचे दागिने, म्हणजे धोका दोऱ्यात ओवून हाताशी दिलेला. वर काळं झबलं, म्हणजे पांढरा हलवा कुठे पडलाय ते त्यालाही नेमकं दिसावं!

हे सगळं मी रात्रीच्या जेवणानंतर सविस्तर मांडलं आणि लगेच प्रात्यक्षिकाला उशी घेतली. वर्षाखालच्या बाळाचा श्वास अडकला, रडणंही फुटेना, तर त्याला आपल्या हातावर पालथं घ्यायचं, डोकं खाली. दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच थापट्या. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब. पुन्हा थापट्या. दिसत नसेल तर घशात बोट घालून चाचपायचं नाही, वस्तू आणखी आत जाते. आणि हे चालू असताना दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा.

"उशीला उचकी लागली वाटतं," ही म्हणाली.

सून मात्र हसली नाही. तिने मोबाइल काढला. "बाबा, परत करा. सावकाश. मी शूट करते, ऑफिसला गेले की आईंनाही बघता येईल."

मी आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आलो.

बोरन्हाण झेंडूच्या पाकळ्यांचं झालं. बोरं-शेंगा मोठ्या पोरांना पुड्या बांधून दिल्या. ठाण्याहून स्लो लोकलने उभ्याने आलेल्या विहीणबाईंनी एवढा मोठा सुस्कारा सोडला, की चार पाकळ्या उडाल्या.

घरातलं हे सगळं जमतं हो. टीपॉयच्या कोपऱ्यांना रबरी टोप्या लावता येतात, बटणासारख्या बॅटऱ्या कुलपात ठेवता येतात, गॅलरीत कठड्याजवळ स्टूल ठेवायचं नाही हे हिला पटवता येतं. पण आम्ही राहतो डोंबिवलीत. इथे जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला आणि मुख्यमंत्री तो बघून गेले. २६ मे २०१६ ला कंपनीत स्फोट झाला, माणसं गेली, लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या. २३ मे २०२४ ला पुन्हा तेच. कारखाने हलवणार, हे मी नोकरीत होतो तेव्हापासून ऐकतोय. मांडीवरचं पोर रात्री झोपेत खोकतं, तेव्हा त्याची पाठ चोळत बसण्यापलीकडे माझ्यासारख्या जाणकाराला काहीही सुचत नाही. त्या कंपन्यांना कुठली रबरी टोपी लावायची?

नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस द्यायला मीच त्याला घेऊन गेलो, सुनेबरोबर. डॉक्टरांनी टोचलं, वजन लिहिलं आणि म्हणाले, "रोज तासभर मोकळ्या हवेत न्या."

"कुठल्या?" मी विचारलं. सुनेने माझ्याकडे डोळे वटारले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "राहता कुठे?"

"निवासी विभागात."

"खिडक्या कुठल्या बाजूला?"

"कंपन्यांच्या."

"मग रात्री दहानंतर लावून घेत जा," ते म्हणाले. "आम्हीही लावतो."