घरपट्टीला नाव

कर टाळण्यात माणसाचं डोकं जेवढं चालतं तेवढं ते कर भरण्यात कधी चाललेलं पाहिलं नाही. फेब्रुवारी उजाडला की नोकरदारांच्या घरी भाड्याच्या पावत्या आपोआप जन्माला येतात. दुकानात ‘बिल पाहिजे का बिलाशिवाय?’ हा प्रश्न ‘चहा घेणार का?’ इतक्याच आपुलकीनं विचारला जातो. पण एक कर असा आहे की तो आपल्याच नावावर लागावा म्हणून लोक अर्ज करतात, प्रतिज्ञापत्रं करतात, भावाभावांत बोलणं टाकतात, आणि एकदाचा लागला की पेढे वाटतात. घरपट्टीचं हे भाग्य दुसऱ्या कुठल्याही कराला लाभलेलं नाही.

आमच्या भुसावळजवळच्या वरणगावात हे दोन्ही बाजूंनी पाहायला मिळतं, कारण इथे गावंच दोन आहेत. एक जुनं गावठाण, मातीच्या धाब्यांच्या घरांचं आणि अरुंद बोळांचं. दुसरं ऑर्डनन्स फॅक्टरीचं, १९६४ पासूनचं, आखीव रस्त्यांचं. क्वार्टरमध्ये राहणाऱ्याच्या पगारातून जे कापायचं ते कापलं जाई, पण घरपट्टीचं बिल घेऊन त्याच्या दारी कोणी येत नसे. फॅक्टरी २०२१ पर्यंत थेट केंद्र सरकारची होती, आणि केंद्र सरकारच्या मालमत्तेवर राज्यानं किंवा गावानं कर लावू नये, असं राज्यघटनेचं २८५ वं कलमच सांगतं. त्यामुळे नोकरीभर बिनकराच्या भिंतीआड काढलेला माणूस निवृत्त होऊन हायवेच्या अंगाला दोन खोल्या बांधतो, तेव्हा घरपट्टी त्याला पहिल्यांदा भेटते. आमच्या एका मित्रानं आपलं पहिलं बिल भुसावळला नेऊन लॅमिनेट करून आणलं. वहिनी म्हणाल्या, “आता देव्हाऱ्यात ठेवा त्याले.” तो हसला नाही. जागेचा विचार करत असावा.

बिल दारात येतं, पण त्यामागची नोंद शोधायला आपल्यालाच निघावं लागतं. नवख्याची पहिली फसगत आठाच्या आकड्यावर होते. तलाठ्याकडे एक ‘आठ-अ’ असतो. त्यात तुमच्या खात्यावर गावात किती शेतजमीन आहे ते लिहिलेलं असतं. ग्रामपंचायतीकडे एक ‘नमुना आठ’ असतो. ती कर आकारणीची नोंदवही, म्हणजे घराच्या नोंदीची जागा. दोन्ही आठ, दोन्ही उतारे, आणि दोन्हीकडे साहेब नुकतेच बाहेर गेलेले. सुनेच्या नावावर घरकुल मंजूर झालं म्हणून एक काका तालुक्याला गेले, ते केळीच्या मळ्याचा आठ-अ घेऊन. तिथल्या माणसानं तो उलटसुलट पाहून विचारलं, “बाबा, याच्यात राहता का तुम्ही?” काका म्हणाले, “उन्हाळ्यात राहतो ना!”

नमुना आठच्या पाठोपाठ नऊ येतो, तो मागणीचा: यंदाचं किती, मागचं किती. मग दहा, म्हणजे पावती. आकारलं, मागितलं, मिळालं. इतकी सरळ क्रमवारी सरकारी कागदांत सहसा सापडत नाही. पण वरणगावची ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद आली, आणि आठ-नऊ-दहा पाठ केलेली माणसं पुन्हा पहिलीत बसली. आता १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा, आता कर आकारणी यादी, मालमत्ता क्रमांक, प्रभाग. जुना घर नंबर दारावर निळ्या रंगात तसाच आहे आणि त्याच्या शेजारी नवा आलाय. पोस्टमन दोन्हीकडे न बघता नावावरून पत्र टाकतो.

याशिवाय गावठाणाच्या जागेचं मालमत्ता पत्रक भूमी अभिलेखवाल्यांकडे. खरेदी झाली असेल तर खरेदीखत आणि त्याची सूची क्रमांक दोन दुय्यम निबंधकाकडे. एकाच घराचे तुकडे इतक्या कपाटांत ठेवलेले असतात, की कोणा एका कारकुनाला सगळं घर एकदम दिसूच नये अशी कोणीतरी काळजी घेतलीय असं वाटतं. ज्या गावठाणांची मोजणीच झाली नव्हती तिथे २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोन उडवून नकाशे करताहेत. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीला महाराष्ट्रातला पहिला प्रयोग झाला, आणि भिंती दाखवण्यासाठी लोकांनी आपापल्या घराभोवती चुन्याच्या रेघा मारल्या. एरवी शेजाऱ्याच्या अंगणात चार बोटं सरकणारी भिंत त्या दिवशी आकाशातून दिसणार होती. किती जणांनी रेघ मारताना हात आवरला असेल ते चुन्यालाच ठाऊक.

एकदाचा उतारा हातात आला की मात्र सावकाश वाचावा. आमच्या जुन्या घराचा मी वाचला. मालकाच्या रकान्यात आजोबा. भोगवटादाराच्या रकान्यात ‘खुद्द’. आजोबांना जाऊन चाळीसेक वर्षं झाली. आमच्याकडे कोणी गेलं की दहाव्याच्या आत सगळ्या पाव्हण्यांना निरोप पोचतो, कोणी राहिला तर तो जन्मभर बोलून दाखवतो. फक्त कर विभागाला कळवायची रीत नाही. त्यामुळे कागदावर आजोबा अजून खुद्द राहतात. घराचं वर्णन आहे ‘माती-विटांच्या भिंती, धाबे’. त्या धाब्यावर पावसाळ्याआधी माती टाकून ते धुमसायचं काम कोणाकडे, यावरून दरवर्षी काका-लोकांत होणारी वादावादी उताऱ्यात नाही. पण ती खोली आहे, पुढची ओसरी आहे, मागचा गोठा चौरस फुटांसकट आहे. गोठ्यात आता मोटरसायकली बांधतात. कर आकारणाऱ्यानं त्याला गोठा म्हटलंय तोवर आम्हीही म्हणतो.

नगरपरिषदेच्या हद्दीत ही आकारणी दर चार वर्षांनी नव्यानं होते. पूर्वापार पद्धतीचं गणित तसं घरगुती आहे: हे घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती यावं? समजा बारा हजार. त्यातून डागडुजीसाठी दहा टक्के वजा, उरले दहा हजार आठशे. हे करयोग्य मूल्य, आणि त्यावर टक्क्यानं कर. मग त्याच्या मागोमाग बाकीची मंडळी: शिक्षण कर, वृक्ष कर, अग्निशमन, दिवाबत्ती, स्वच्छता. दारात झाड नसलेलाही वृक्ष कर भरतो, आणि ज्याच्या बोळात दिवा नाही तो दिवाबत्तीच्या ओळीवर बोट ठेवून संध्याकाळभर बोलतो. थकलं तर महिन्याला दोन टक्के शास्ती. सावकाराचं व्याज ऐकून आपण कानावर हात ठेवतो, आणि ही शास्ती मात्र ‘पुढच्या मार्चला पाहू’ म्हणून चार-चार वर्षं वाढू देतो.

घरं मोजायला माणसं येतात तो दिवस पाहण्यासारखा असतो. वर्षभर पाव्हण्यांना जिना चढवून ‘वरचा हॉल’ दाखवणारा माणूस त्या दिवशी वर काही आहे हेच विसरतो. “वरती? वरती काही नाही साहेब, भंगार.” संगमरवरी फरशीवर सतरंजी पडते. भाड्यानं दिलेल्या खोलीला जादा आकारणी होईल या भीतीनं भाडेकरू अचानक नात्यात येतो. आमच्या गल्लीत बिहारहून आलेला एक पोऱ्या एका सकाळपुरता पाटलांच्या घरचा भाचा झाला होता. मोजणाऱ्यानं टेप गुंडाळता गुंडाळता विचारलं, “मामाचं गाव कोणतं रे?” पोऱ्या म्हणाला, “छपरा.” मोजणाऱ्यानं वर पाहिलं, छप्पर आरसीसीचं होतं, तेवढं त्यानं लिहून घेतलं.

म्हणजे कर कमी हवा, पण नाव हवंच. आता यातली खरी गंमत अशी, की कायद्याच्या नजरेत या नावाला फारसं वजन नाही. घरपट्टीची नोंद ही कर वसुलीपुरती. तिच्यावरून मालकी सिद्ध होत नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. परवानगी नसलेल्या बांधकामालाही कर लावता येतो, वर शास्ती लावता येते, आणि तेवढ्यानं ते बांधकाम नियमित होत नाही. हे वकिलानं समजावून सांगितलं की अशील मान हलवतो, फी देतो, आणि थेट घरपट्टीला नाव लावायला जातो. त्याचंही चुकत नाही. विजेचं मीटर घ्यायला, घरकुलाच्या यादीत बसायला, बँकेच्या दारात उभं राहायला पहिल्यांदा हाच कागद मागतात. कोर्टात ज्याला कोणी फारशी किंमत देत नाही त्याच्यावाचून बाकी एकही खिडकी उघडत नाही. आणि ज्याचा पायाच कच्चा आहे, गायरानात किंवा नाल्याकाठी ज्यानं पत्रे टाकलेत, त्याला तर ही पावती म्हणजे सरकारनं आपल्याला पाहिलं याची लेखी कबुली. तो थकबाकी ठेवत नाही. थकबाकी ठेवतात ते तीन मजलेवाले.

हे सगळं मी टेक्सासात राहणाऱ्या भाच्याला फोनवर सांगत होतो. त्याला आश्चर्य वाटलं ते भलत्याच गोष्टीचं. “मामा, नोंद बघायला जायचं कशाला? आमच्या काउंटीत सगळं वेबसाइटवर असतं.” त्यानं तिथल्या तिथे स्क्रीन दाखवली. पत्ता टाकला की मालकाचं नाव, घर कोणत्या साली बांधलं, किती चौरस फूट, यंदा किंमत किती धरली, कर किती. स्वतःच्या घराचं झाल्यावर त्यानं शेजाऱ्याचं उघडलं. मग ऑफिसातल्या साहेबाचं. मला एकदम वाटलं, हे वरणगावात सुरू झालं तर लग्नाच्या बोलण्यांतला निम्मा वेळ वाचेल आणि निम्मी लग्नं मोडतील.

टेक्सासात राज्याचा आयकर नाही, त्यामुळे घरावर मोठा भार. वसंतात किंमत ठरवल्याची नोटीस येते आणि १५ मेच्या आसपास हरकत घ्यायची मुदत संपते. भाचा दरवर्षी हरकत घेतो. भिंतीच्या भेगांचे फोटो काढतो, गळणाऱ्या कोपऱ्याचे काढतो, शेजारची घरं किती स्वस्तात गेली त्याचा तक्ता करतो, आणि माझं घर तुम्ही समजता तितकं चांगलं नाही असं चार परक्या माणसांपुढे शपथेवर सांगतो. तेच घर त्याची आई इथे भिशीत सगळ्यांना फोटोवर दाखवत असते. सतरंजी टाकणारे आमचे गल्लीकर आणि हा, यांच्यात मला काही फरक दिसला नाही. फक्त याच्या सतरंजीची पीडीएफ असते.

घरावरचा कर भारतात नेहमीच असा हवाहवासा होता असं नाही. १८१० साली कंपनी सरकारनं बनारसला घरपट्टी लावली, तेव्हा लोक दुकानं बंद करून, घरं सोडून हजारोंनी उघड्यावर जाऊन बसले. कारागीर, नावाडी, सगळेच. सरकारला पुढच्या वर्षी कर मागे घ्यावा लागला. इतिहासाचे अभ्यासक धरमपाल यांनी त्या वेळच्या सरकारी पत्रव्यवहारातून ही हकिगत पुस्तकात मांडलीय. राहत्या घराचे पैसे मागता म्हणजे काय, असा बनारसच्या लोकांचा सवाल होता. त्या लोकांना कोणी सांगितलं असतं, की पुढे याच पावतीची रंगीत झेरॉक्स काढून लोक तिजोरीत ठेवतील, तर त्यांनी त्याला गंगेत ढकललं असतं.

पण त्यांच्यापुढे नावाचा प्रश्न नव्हता. आपल्याकडे तो आहे, आणि बायकांच्या बाबतीत तर अगदी आत्ताआत्तापर्यंत कोणाला सुचलाही नव्हता. २००३ मध्ये सरकारनं सांगितलं, की ग्रामीण भागातल्या घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावानं करा. कागदावर हे एका ओळीचं काम. घराघरांत त्यावर काय काय बोलणं झालं असेल ते वेगळं. आमच्या एका काकूंनी आपलं नाव लागल्यावर पहिली गोष्ट केली ती ही, की घरपट्टी भरायला त्या स्वतः गेल्या. काकांनी दिलेले पैसे परत केले, स्वतःच्या बटव्यातले भरले. पावती मात्र काकांना ठेवायला दिली. म्हणाल्या, “हरवजो नको.”

आता आमच्या जुन्या घराची वारसनोंद करायची ठरलीय. आजोबांना कागदावरून निवृत्त करायचं. मृत्यूचे दाखले, वंशावळ, प्रतिज्ञापत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, सगळं जमवलं. भावांची, चुलतभावांची नावं लिहिली. बहिणीला फोन केला, की कागदावर सही लागेल. आमच्याकडे बहिणींच्या सह्या साधारण हक्क सोडण्यासाठीच मागतात, म्हणून ती आधीच तयारीत होती.

“सही देते मी भो, वाटा नको मले. पण घरपट्टीले माहं नाव लागू दे.”

मी म्हटलं, “अगं, लोक वाटा घेतात आणि कर दुसऱ्याच्या गळ्यात मारतात. तू उलटंच काय मागतेस?”

“तू पावती पाठवत जा. पैसे मी देईन.”

अर्ज घेणाऱ्या कारकुनाला हे सांगितलं. त्यानं यादी वरून खाली वाचली आणि म्हणाला, की सगळी नावं नोंदीत राहतील, पण बिलावर एकच छापलं जातं, बाकीचे ‘व इतर’. तेव्हा पहिलं नाव कोणाचं ते आपसात ठरवून या. घरी येऊन मी हे सांगितलं तशी ओसरीवर एकदम शांतता झाली. इतका वेळ वाट्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. धाकटा म्हणाला, घर मी सांभाळतो. चुलतभाऊ म्हणाला, आजपर्यंतची पट्टी कोणी भरली ते पावत्यांवर पाहा. मी काहीच म्हणालो नाही, कारण वयानं मीच मोठा असं माझं मी धरून चाललो होतो. फोन अजून चालूच होता, स्पीकरवर. तिकडून बहीण म्हणाली, “जन्मदाखले काढा सगळ्यायचे. मोठी मी आहे.”