नानांचा बांध

नानांची जमीन गेली, तिच्यावर टॉवर उभे राहिले, मोबदल्यात दोन फ्लॅट आले. बांध मात्र नानांच्या अंगातून गेला नाही. चऱ्होली बुद्रुक 1997 साली महापालिकेत आलं आणि पुढे उसाच्या जागी पार्किंग झालं. आता माती मातीला भिडते अशी एकच जागा नानांना उरलीय: क्लब हाउसमागचा जास्वंदीचा वाफा आणि त्याला खेटलेलं सोसायटीचं लॉन.

सकाळी सातला नाना तिथे खुरपं घेऊन उकिडवे बसतात. लॉनच्या अंगानं खुरपं उभं दाबायचं, वाफ्याच्या अंगानं तिरकं, आणि मधली मातीची फाक उचलून घ्यायची. चार बोटं खोल चर पडतो. वरून धावत आलेली हराळी त्या चरात उघडी पडते, ती सपकन कापायची. जमिनीखालून आलेली कांडी बोटांनी चाचपत, न तोडता ओढायची. एक पेर मागे राहिलं तरी पंधरवड्यात नवा संसार. हाउसकीपिंगच्या पोरानं लव्हाळ्याचे नुसते शेंडे खुडले तर नाना त्याला थांबवतात. "अरं, वरचं उपटलंस. खालची गाठ हसतीया तुला."

गाजर गवतावर त्यांचा वेगळा राग. ते 1950च्या दशकात पुण्याच्या आसपास लोकांच्या डोळ्यांत आलं, आयात गव्हाबरोबर आलं असं सांगतात. "बोलावलं व्हतं का कुणी?" म्हणत नाना हाताला दुधाची पिशवी बांधतात (अंगाला लागलं की खाज सुटते) आणि फुलायच्या आत ते मुळासकट काढतात.

सेक्रेटरी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी बघून निवृत्त झालेले. त्यांनी ग्लायफोसेट फवारायचं सुचवलं. नाना म्हणाले, "साहेब, त्या औषधाला गवत कुठलं नि जास्वंद कुठली, कळत न्हाई. मला कळतं." विषय संपला. भाद्रपदात तर नाना सोसायटीचे पुरोहितच होतात. वर्षभर जिच्या मुळावर उठायचं, त्या हराळीचा एक पट्टा पंपरूममागे राखलेला असतो. चतुर्थीच्या पहाटे दारोदार कोवळ्या तीन पात्यांच्या, एकवीस-एकवीसच्या जुड्या पोचतात. लॉनवाल्यांनाही.

एवढं सगळं साजरं असताना भांडण कशाचं? तर सेक्रेटरींना संशय आला. लॉनमधला बाक पूर्वी हिरवळीत होता, हल्ली त्याचे पाय वाफ्यात. त्यांनी टेप आणली. लॉन वीतभर आत सरकलं होतं.

ज्यानं शेती केली नाही त्याला हे समजायचं नाही. नानांचं अर्धं आयुष्य सख्ख्या भावाशी बांधावरून भांडण्यात गेलं. प्रत्येक नांगरटीला समोरच्यानं तासभर बांध कोरायचा, मग ह्यानं कोरायचा, मग तलाठी, मग मोजणी. इंद्रायणीच्या अलीकडे बुद्रुक, पलीकडे खुर्द. भांडणाविना राहिलेली तेवढी एक हद्द, आणि तीही नदी मध्ये आहे म्हणून. भाऊ आता शेजारच्याच टॉवरमध्ये राहतो, रोज नमस्कार करतो. कोरायला बांधच नाही, तर भांडायचं कशावर?

"नाना, तुम्ही लॉन कोरताय," सेक्रेटरी म्हणाले.

"मी? गवत मागं सरतंय, त्याला मी काय करू? खात्री नसंल तर सरकारी मोजणी आणा. हद्द कायम करून घ्या. लगतच्या खातेदाराला नोटीस लागती, ध्यानात ठेवा."

मीटिंग झाली. कडेनं कडप्प्याच्या पट्ट्या उभ्या रोवायच्या, म्हणजे हराळीही थांबेल आणि नानाही, असा ठराव एकमतानं पास. सर्वांत आधी हात नानांचाच वर. पट्ट्या रोवायचं कामही त्यांनीच मागून घेतलं, मजुरी न घेता. रविवारी लोक उठायच्या आत दोरी लावून, ओळंबा धरून काम फत्ते. रेघ अशी सरळ की सेक्रेटरींना क्वालिटीत बोट ठेवायला जागा नाही.

फक्त बाकाचे मागचे दोन पाय होते वाफ्यात. आता चारही आहेत.