मातीकाका

शारजातल्या मराठी मंडळींत प्रत्येकाचा एक ठेवणीतला विषय असतो. कुणी पुण्याच्या विमानाचे भाव सांगतं, कुणी मुलांच्या शाळेच्या फीचं रडगाणं. मातीकाकांचा विषय माती. मूळचे सोलापूरकडचे, इथं जमिनीचे नमुने तपासणाऱ्या लॅबमध्ये उभी हयात गेली. त्यामुळे वर बघायची सवयच मोडली. पाहुण्यांना बुर्ज खलिफा दाखवायला नेलं, की पाहुणे मान मोडेस्तोवर मजले मोजतात आणि काका फरशीकडे बोट दाखवतात. "खरी गंमत इथं! दीड मीटर व्यासाच्या पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले खांब, चाळीस मीटरहून लांब. खालचं पाणी समुद्रापेक्षा खारट, म्हणून पोलाद गंजू नये यासाठी पायाला विजेचा प्रवाह दिलाय." तिकिटाचे पैसे कुणी भरलेत, हे अशा वेळी पाहुणे विसरू शकत नाहीत.

काकांचा खरा शत्रू सबखा. किनाऱ्यालगतची ही खारपड जमीन वरून इतकी टणक, की गाडी घालावी. पण तो टणकपणा मिठाचा. पाणी लागलं की मीठ विरघळतं आणि जमीन बसते. खालचे क्लोराइड सळ्या खातात, सल्फेट काँक्रीट खातात. म्हणून सल्फेटला दाद न देणारं सिमेंट, पायाला जलरोधक थर आणि खोदकाम चालू असेपर्यंत अहोरात्र पंप, हे सगळं काका लग्नाच्या याद्या वाचाव्यात तसं, एक नाव न गाळता सांगतात. अल नहदात कुणी भाड्याचा फ्लॅट बघायला निघालं, तर काका हमखास सोबत. मालक स्वयंपाकघर दाखवत असतो आणि काका बेसमेंटच्या पार्किंगमध्ये भिंतीवरचं पांढरं मीठ खरवडत असतात.

शारजा म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे 22 एप्रिल 1998 उभा राहतो. वाळूचं वादळ, खेळ थांबलेला आणि सचिनच्या 143 धावा. काकाही तो सामना सांगतात, पण वादळ संपलं की त्यांची गोष्ट संपते. "वाळू काय बारीक होती!"

शोषखड्ड्याचा विषय मात्र त्यांनी निदान पंगतीत काढू नये. शहराबाहेरच्या एका व्हिलात सत्यनारायण होता. मैलापाणी उपसायचा टँकर नेमका त्याच वेळी फाटकाशी लागला. पहिली पुरणपोळी पानात पडत होती आणि काका सुरू झाले. "वाळू पाणी झपकन पिते, म्हणून लोक फसतात. खाली भूजलच हाताला लागत असेल, तर शोषखड्ड्यातलं पाणी जाणार कुठं? ते परत तुमच्याकडेच येणार." काकूंनी "अहो, तूप घ्या" म्हणून तीनदा प्रयत्न केला. त्या दिवशी पोळ्या खूप उरल्या.

बागेच्या बाबतीत मात्र माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे. गावाहून आणलेला कढीपत्ता इथल्या वाळूत लावून पिवळा पाडला नाही, असं मराठी घर शारजात विरळाच. काकांचं निदान ठरलेलं. वाळूत चुना भरपूर, त्यामुळे लोह असूनही मुळांना मिळत नाही. खारट वाळू टाकून द्या, गोडी वाळू आणा, निम्मं कंपोस्ट घाला आणि महिन्यातून एकदा भरपूर पाणी सोडून मीठ धुऊन काढा. त्यांच्या गॅलरीतली तुळस ऑगस्टातही हिरवी असते. म्लेहाच्या वाळवंटात 2022 मध्ये सरकारने 400 हेक्टरांवर गव्हाची शेती सुरू केली, तेव्हा घरी बारसं असल्यासारखे पेढे त्यांनीच वाटले.

16 एप्रिल 2024 ला आभाळ फाटलं. कित्येक रस्त्यांवर पाणी अनेक दिवस हटेना. वीज गेलेली, लिफ्ट बंद, दूध संपलेलं. सगळी इमारत जिन्यात बसून गटारांच्या नावाने खडे फोडत असताना काका बॅटरी घेऊन अवतरले. डांबराखाली वाळू कितीही असली तरी पाणी तिच्यापर्यंत पोचत नाही आणि जिथं पोचतं तिथं भूजल आधीच वर आलेलं, हे त्यांनी मजल्यामजल्यावर थांबून समजावलं. पाणी ओसरायला लागले तेवढे दिवस समजावलं. माणूस चूक नव्हता, एवढंच म्हणतो.

निवृत्तीनंतर राहायला त्यांनी सोलापुरात बंगला बांधलाय. पायाच्या वेळी रजा मिळाली नाही म्हणून काम भावावर सोपवलं. भावाने शेतातल्या काळ्या मातीत, ना मुरमाचा भराव ना खाली पाइल, असा सरळ पाया घातला. पावसाळ्यात ती माती फुगते, उन्हाळ्यात आकसते. हॉलच्या भिंतीतल्या भेगेत आता काकूंची फणी सहज उभी राहते. बंगला विकायला काढलाय. कुणाला हवा असल्यास काकांना जरूर भेटा. किंमत वाजवी आहे, फक्त जमिनीचा रिपोर्ट मागू नका.