न गळता गळणाऱ्या वायसरास खुले पत्र

रा. रा. वायसरराव,
मु. पो. मास्टर सिलिंडर, बूस्टरच्या पुढे, बॉनेटखाली उजव्या हाताला.

स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, अखेर आपलं नाव कळलं. इतके दिवस कळलं नाही याचं श्रेय सर्वस्वी आपल्या सफाईला. पार्किंगमध्ये डाग नाही, चाकाच्या आतल्या बाजूला ओल नाही, आणि ब्रेक ऑइलची पातळी डबीवरच्या वरच्या रेघेला चिकटलेली. गुन्हा करावा तर असा.

आमची झेन १९९९ची. तिचं पेडल मऊ लागतंय, हे घरात ज्याने त्याने आपापल्या परीने सांगून झालं होतं. पण आपली खरी कला पाहायला मिळाली ती कात्रजच्या उतारावर, गाड्यांची रांग तुंबलेली असताना. पाय ब्रेकवर, अगदी हलका. गाडी उभी. आणि पायाखालचं पेडल सावकाश, अजिबात आवाज न करता, खाली खाली निघालं. पुढच्या टेम्पोच्या फाळक्यावरचं ‘पुन्हा भेटू’ मोठं होत गेलं. पाय उचलून पुन्हा कचकन दाबला, तर पेडल वर, टणक, इमानदार! गॅरेजवाल्याने चालवून पाहिली तेव्हाही हेच. त्याने जोरात दाबला, गाडी जागच्या जागी थांबली. “ब्रेक तर एक नंबर आहे, साहेब.”

यामागचं शास्त्र मागाहून कळलं. जोरात दाबलं की तेलाचा दाब आपली रबरी कड सिलिंडरच्या भिंतीवर घट्ट आवळतो. मग झिजलेली कडही काही क्षण धरून राहते. हलकं दाबलं की तेवढा दाब नसतो, आणि तेल कडेच्या बाजूने मागे सटकतं. म्हणजे दरडावणाऱ्यापुढे आपण कर्तव्यदक्ष आणि सौम्य माणसाला वाटाण्याच्या अक्षता. सरकारी कचेरीत आपलं सोनं झालं असतं, चुकून मोटारीत आलात.

वास्तविक आपलं घराणं मोठं. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कल सतराव्या शतकात सांगून गेला. त्याच आधारावर १९२१मध्ये अमेरिकेत ड्युझेनबर्ग कंपनीची चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली गाडी आली. या सगळ्या थोर परंपरेत आपल्याकडे काम एकच होतं. पेडल दाबलं की पिस्टनबरोबर थोडं पुढे सरकायचं, डबीकडे जाणारं बारीक भोक ओलांडून ते बंद करायचं आणि तेल कोंडून धरायचं. कोंडलेलं तेल मग जाईल कुठे? चाकांकडेच. पण आपण आपल्याच कडेवरून ते मागे सोडत राहिलात. ते निमूट डबीत परत. पातळी कमी होण्याचा प्रश्नच नाही. सोसायटीच्या खजिनदाराचं पासबुक कसं पैशापैशाने जुळलेलं असतं, फक्त लिफ्ट तेवढी बंद असते, तसं.

आपल्या या सचोटीपायी कोणाकोणाला चौकीत बसवलं, ते ऐका. पहिला संशय अर्थातच हवेवर. पेडल मऊ म्हटलं की “एअर धरलीय” हे गॅरेजचं ठरलेलं निदान. आता हवा लाइनमध्ये शिरते आणि तेलासारखी नसल्यामुळे दबते, हे खरं. पण ती शिरली असेल तर पेडल स्पंजासारखं लागतं, दोन-तीन पंप मारले की वर येतं, आणि पाय स्थिर ठेवला तर तिथेच राहतं. आपल्यासारखं ते पायाखालून पळ काढत नाही. एवढा फरक पायाला कळतो. पण पायाला विचारतो कोण?

मग मागच्या ब्रेक शूंची पाळी. लायनर आणि ड्रममध्ये जास्त फट पडली की पेडल खोल जातं; तेव्हा हँडब्रेक ओढून पाहायचा. पेडल वर आलं तर मागची सेटिंग बिघडलेली. आमचं आलं नाही. पुढच्या रबरी होज पाइपांना हात लावून, एकाला पेडल दाबायला सांगून, ते फुगतात का तेही पाहून झालं. बूस्टरवरही आळ आला, कारण इंजिन सुरू होताच पेडल किंचित खाली गेलं. अहो, ते जायलाच हवं! बूस्टर काम करतोय याची ती खूण. शेजारच्या काकांनी तर डबीत थोडं इंजिन ऑइल घालून पाहायला सांगितलं. त्यांचं ऐकलं असतं तर आपण आणि आपला समस्त रबरी गोतावळा फुगून ठार झाला असता. मोह झाला होता, कबूल करतो.

आपल्या कारकिर्दीचा कळस मात्र त्या पहिल्या गॅरेजने करून दिला. हवा काढायला म्हणून एका पोराला सीटवर बसवलं आणि “मार पंप, अजून मार” असं म्हणत पेडल पार फ्लोअरला टेकेपर्यंत दाबून घेतलं. रोजच्या वापरात आपण सिलिंडरच्या पहिल्या थोड्या टापूतच ये-जा करता. तेवढी भिंत गुळगुळीत राहते. त्यापुढच्या टापूत वर्षानुवर्षांचा गाळ आणि मुरलेल्या पाण्याने पाडलेले खड्डे. तिथून तुम्हाला दणादण फिरवून आणलं. कडेला बारीक चीर होतीच, तिची फाट झाली. बिल झालं ‘ब्रेक सर्व्हिसिंग’चं, आणि दोन दिवसांत पेडल आधीपेक्षा आज्ञाधारकपणे जमिनीला लागू लागलं.

आपल्याला पकडलं दुसऱ्या मिस्त्रींनी, आणि तेही फार डोकं न खाजवता. त्यांनी मास्टर सिलिंडरमधून निघणारे पाइप सोडवले, त्या भोकांत बूच पिळून बसवले आणि पेडलवर पाय ठेवला. आता चाकं नाहीत, होज नाहीत, लायनर नाहीत; आत फक्त आपण. पेडल दगडासारखं घट्ट राहायला हवं होतं. ते सावकाश खाली गेलं. मिस्त्री इतकंच म्हणाले, “घरातलाच आहे.”

‘मायनर किट’ टाकून, म्हणजे नुसती रबरं बदलून, स्वस्तात भागवावं असा विचार होता. सिलिंडर उघडून आत बॅटरी मारली आणि तो विचार सोडला. खड्ड्यांच्या भिंतीवर नवं रबर किती दिवस टिकणार? अख्खा नवा मास्टर घेतला. तो गाडीला लावण्याआधी शिकंज्यात धरून, नळ्यांची तोंडं त्याच्याच डबीत बुडवून, बुडबुडे थांबेपर्यंत पिस्टन आत ढकलला. चाकांची हवा काढताना पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवला, म्हणजे नव्या वायसराला आपल्यासारखी खड्ड्यांची सहल घडायला नको. (नव्या सिलिंडरात खड्डे नसतात हे मिस्त्रींनाही ठाऊक होतं. ठोकळा सवयीचा. अशा सवयीला मी पैसे द्यायला तयार आहे.) सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून, कारण तेच सर्वांत लांब. “दाब, धर,” निपल सैल, निपल घट्ट, “सोड.” पारदर्शक नळीतून आधी कोऱ्या चहाच्या रंगाचं तेल आलं, मग मधासारखं स्वच्छ.

त्या काळ्या तेलाबद्दल आपली बाजूही मांडतो. न्याय म्हणजे न्याय. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट-३ तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, ३.७ टक्के पाणी मुरलं की तेच १४० अंशांना उकळलं तरी नियमात बसतं. घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्याला एवढं तापवणं अवघड नाही. तेच पाणी आपल्या घराच्या भिंती पोखरत होतं. तेल साधारण दोन वर्षांनी बदलतात. आमच्या गाडीचे आधीचे मालक काच मात्र दर रविवारी पुसत.

तर आता आपण सुपारीच्या जुन्या डबीत निवृत्त आहात. आपल्या निवृत्तिवेतनाची सोय होणार नाही. मिस्त्रींनी आपल्याला बोटांत धरून वाकवलं तेव्हा कडेची फाट तोंड उघडून हसली, हे विसरलेलो नाही.

कळावे, लोभ मुळीच नसावा.

आपला,
ब्रेकवर पाय असलेला

ता. क. : नव्या मास्टरचा पूर्ण दाब पोचू लागल्यापासून मागच्या डाव्या व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीखाली ओल दिसते आहे. तिथले आपले भाऊबंद साधे. गळतात ते सरळ बाहेर गळतात आणि लगेच सापडतात. दोन्ही बाजूंची किट मागवली आहेत. डबीत थोडं सरकून बसा.