दाराला पाटी, खांबाला केरसुणी

– शेंगा तशाच द्या काकू, पिशवी कशाला? आणि उभ्या का तुम्ही? तो स्टूल भिंतीला लावा की. पोरं शाळेत गेलीत, हे सातपूरला गेलेत, मला आज वेळच वेळ.

– वेळ मलाही आहे. तुझ्या सासूबाई काल देवळात सांगत होत्या, आमची सून जर्मनीत जिने पुसायची म्हणून. आधी ते सांग. कंपनीने नवऱ्याला एवढ्या थाटात पाठवलं आणि तू तिथे जिने पुसत होतीस?

– अहो, तिथे सगळेच पुसतात! आमच्या वर हाडांचे डॉक्टर राहायचे, तेही शनिवारी बादली घेऊन जिन्यात. स्टुटगार्टची रीतच आहे ती, केरवोखं म्हणतात. एकेका आठवड्याला एकेक घर. ज्याचा आठवडा त्याच्या दाराला पाटी लटकते. आपलं झालं की पाटी काढायची आणि शेजारच्या दाराला अडकवायची, एक शब्द बोलायला लागत नाही. आपल्या मजल्याचा जिना पुसला की ती छोटी. फुटपाथ, अंगण, तळघर, कचऱ्याचे डबे बाहेर काढणं, ही मोठी. हिवाळ्यात लोक कामाला निघायच्या आत दारापुढचं बर्फसुद्धा ओढायचं.

– आणि जिना स्वच्छच असला तर?

– तरी पुसायचा. शिवाय पुसताना कुणीतरी बघितलं पाहिजे, नाहीतर पुसला असं धरत नाहीत. हसताय काय? फार जुनं आहे हे. १४९२ मध्ये तिथल्या एबरहार्ड नावाच्या काउंटने हुकूम काढला होता, प्रत्येकाने आपापली घाण दर आठवड्याला गावाबाहेर नेऊन टाकायची. महापालिकेने १९८८ मध्ये स्वतःचा नियम काढून टाकला, पण लोक कुठले सोडतात! आता घरमालक भाडेकरारात घालतात. आणि गंमत सांगू? आपली मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून जोडशहरं आहेत.

– मग पाठव म्हणावं ती पाटी मुंबईला. पण काय गं, घर तरी बरं मिळालं होतं ना?

– घर मिळालं, स्वयंपाकघर नाही मिळालं. खरंच सांगते. दार उघडून आत गेलो तर ओटा नाही, सिंक नाही, कपाटं नाहीत. भिंतीतून नळाचे दोन पाइप बाहेर आलेले. आधीचा भाडेकरू सगळं उचलून घेऊन गेलेला. तिथे बऱ्याच ठिकाणी असंच चालतं, स्वयंपाकघर ज्याचं त्याचं. सुरुवातीला मी न्हाणीघरात तांदूळ धुतलेत.

– अगंबाई! सासूबाईंना सांगितलंस का हे?

– तुम्हीही सांगू नका. तर त्या पाटीचं. आमच्या दाराला पहिल्यांदा पाटी आली, त्याच संध्याकाळी बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या आजी. ऐंशीच्या घरातल्या, पण पाठ अशी ताठ. मी इथे आजी म्हणते हो, तिथे आडनावाने फ्राऊ अमुकतमुक असंच म्हणायचं. म्हणाल्या, तुमची बादली दाखवा. बादली बघितली, फडकं पिळून बघितलं, चालेल म्हणाल्या. तळघराची किल्ली कुठे असते, कुठल्या रंगाच्या डब्यात काय टाकायचं, कुठला डबा कुठल्या वारी बाहेर, सगळं उभ्याउभ्या सांगितलं.

– म्हणजे सासूच की ती. चहा तरी विचारलास?

– विचारला. नको म्हणाल्या आणि गेल्या. चहाला आल्या त्या थेट पुढच्या वसंतात, तेही आधी तारीख-वेळ ठरवून. साडेतीन म्हणजे साडेतीन. पाच मिनिटं आधीपासून त्या खालच्या वळणावर उभ्या, मला दाराच्या भिंगातून दिसत होत्या. साडेतीनला बेल!

– आपल्याकडे बेल वाजवायच्या आधी माणूस सोफ्यावर असतं.

– तेच मला सुरुवातीला जड गेलं. मी वाट बघायची, कुणीतरी येईल, वाटी मागेल, दोन शब्द बोलेल. कुणी नाही. कामाचं निमित्त असल्याशिवाय कुणी दारात येत नाही तिथे, आणि निमित्त असलं की अगदी नेमाने येतं. मला ते निमित्त पार्सलवाल्याने मिळवून दिलं बघा. सगळे कामावर, दिवसभर घरात मी एकटी. मग तो इमारतीतल्या सगळ्यांची खोकी माझ्याकडेच ठेवून जायचा आणि ज्याचं त्याच्या पेटीत चिठ्ठी टाकायचा. बेलवर नुसती आडनावं असतात, फ्लॅटचा नंबरही नाही, त्यामुळे माझं आडनाव सगळ्या इमारतीला पाठ झालं. ते काय उच्चार करायचे ते विचारू नका. संध्याकाळी एकेक जण दारात उभा. डॉक्टर म्हणाले, तुमच्या घरातून वास छान येतो.

– फोडणीचा? मला वाटलं, भांडले असतील त्यावरून.

– वासाचं त्यांना फार काही नव्हतं, खिडक्या उघडल्या की झालं. बाहेर उणे पाच असलं तरी सकाळ-संध्याकाळ खिडक्या सताड उघडायच्या, नाहीतर भिंतीला बुरशी धरते म्हणे. मी स्वेटर घालून भाजी परतायची.

आणि मसूर ऐका. आजींनी एकदा बोलावलं जेवायला, ताटात काय? मसुराची घट्ट उसळच म्हणा, वरून व्हिनेगर, सोबत श्पेट्झलं. मैदा-अंड्याचं सैलसर पीठ उकळत्या पाण्यात पाडून केलेल्या जाड्या शेवया हो. सोबतचं सॉसेज माझ्यासाठी न मागता वेगळं ठेवलेलं. त्या भागाचं हे रोजचं जेवण. शहराच्या दक्षिणेला चुनखडीचे डोंगर आहेत, जमीन हलकी, तिथे पूर्वी मसूर लावायचे. मग परवडेना म्हणून पन्नास-साठच्या दशकात पेरणीच थांबली. पुढे ऐंशीच्या दशकात कुणी शेतकऱ्याने पुन्हा लागवड सुरू केली, पण बियाणं बाहेरचं. गावचं जुनं बियाणं नाहीसंच झालेलं. सापडलं कुठे माहितीय? रशियात! सेंट पीटर्सबर्गच्या बियाणे-पेढीत, २००६ मध्ये. आजींनी ही गोष्ट अशी सांगितली की जसा हरवलेला भाऊ सापडला.

– आमच्या पिंपळगावच्या दादाला सांगायला हवं. त्याच्याकडे जुनी गावठी तूर होती, ती अशीच गेली.

– मग मी त्यांना गोड्या मसाल्याची आमटी नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी डबा परत, धुऊन, पुसून, रिकामा.

– रिकामा?

– रिकामा. मलाही लागलं होतं ते. आपण कसं, निदान साखर तरी घालतो. पण आठवड्याने त्या वही आणि वजनकाटा घेऊन आल्या. कृती पाहिजे. हिंग किती? म्हटलं, चिमूटभर. चिमूट त्यांनी काट्यावर टाकायला लावली. काटा हलेना, तर माझ्याकडेच संशयाने बघायला लागल्या. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही दोघी एकत्र हसलो. तोवर वर्ष होत आलं होतं, काकू.

– बाई बाई, एवढ्यात तर माझ्याकडे दोन लग्नं जमली असती. आपली माणसं नव्हती का तिथे?

– ढिगाने! पुणे, नागपूर, कोल्हापूर, आपले नाशिकचे तर खूपच. पण त्यांच्यात दोन तऱ्हा. एक आमच्यासारखे, कंपनीने मुदतीवर पाठवलेले. दुसरे तिथेच नोकरी धरून राहिलेले. आमची बोलणी सगळी परत जाण्याची: शाळेत प्रवेश मिळेल का, कंटेनरमध्ये काय काय मावेल. त्यांची बोलणी पासपोर्टची. जर्मनीने २०२४ मध्ये कायदा बदलला, पाच वर्षांत नागरिकत्व मिळू शकतं, जुनं सोडायची सक्तीही नाही. पण आपला देश कुठे दोन ठेवू देतो? मग ती रात्र-रात्र चर्चा. नवरे तावातावाने, बायका आतल्या खोलीत. मला विचाराल तर निम्म्यांचं आधीच ठरलेलं असायचं, फक्त आईला कसं सांगायचं एवढंच उरलेलं.

– आणि भांडणं?

– तीही होती. गणपती शनिवारी बसवायचा, मिळेल त्या हॉलमध्ये. तिथी कुठलीही असो! मोदकांची ऑर्डर कुणाला द्यायची यावरून दोन वहिन्या अजून बोलत नाहीत. एकीचे मोदक खरंच दगड, पण तिचा नवरा मंडळाचा हिशेब बघतो.

– कोण गं ती?

– नाव नाही सांगणार. तिची मावशी कॉलेज रोडला राहते.

– कळलं. पुढे सांग.

– सांगितलंच नाही तर कळलं कसं? असो. पण एक आहे, या लोकांनी मला पहिल्या महिन्यात सावरलं. पहिल्या भेटीत ‘तुम्ही कुठल्या?’ आणि दुसऱ्या भेटीत घराची किल्ली हातात. धाकट्याला ताप आला तर रात्री अकराला खिचडी घेऊन हजर. पण दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी निरोप समारंभ. ज्या मैत्रिणीशी मी रोज बोलायची ती परत पुण्याला आली, आता दिवाळीला मेसेज टाकते, तोही सगळ्यांना पाठवलेलाच. आजींचं मात्र अजून पोस्टाने पत्र येतं. हवामान, बटाट्याचा भाव, आणि आमच्या जागी आलेले लोक जिना नीट पुसत नाहीत ही तक्रार. माझ्या वाढदिवसाचं पत्र नेहमी एक दिवस उशिरा येईल असं टाकतात. लवकर शुभेच्छा देणं अशुभ मानतात ना तिथे.

– द्राक्षं आहेत म्हणे तिकडे? दादा विचारत होता.

– शहराच्या मधोमध! स्टेशनवरून मान वर केली की उतारावर वेली. महापालिकेची स्वतःची वाइन आहे, बोला. काढणी आपल्या उलट, सप्टेंबर-ऑक्टोबरात. आणि बागवाले घराबाहेर केरसुणी टांगतात. मी पहिल्यांदा बघून म्हटलं, झालं, इथेही जिना! तर त्याचा अर्थ, आत या, घरची वाइन आणि जेवण मिळेल. वर्षाला चारच महिने चालवायची परवानगी, चाळीसच खुर्च्या. अनोळखी माणसाच्या शेजारी दाटीवाटीने बसायचं. एरवी लिफ्टमध्ये तोंड न उघडणारे लोक तिथे जावयाची तक्रार सांगतात.

– वाइन पिऊन काय, कुणीही सांगेल. तू प्यायलीस?

– सासूबाई बाहेर आल्या वाटतं... नाही, बरं. एक ग्लास. आजींनीच नेलं होतं.

– मी काही ऐकलं नाही. आणि सामानाचं काय केलंत गं निघताना? ते स्वयंपाकघर?

– नव्या भाडेकरूला विकलं, नाहीतर उचलून आणायला लागलं असतं! भांडी वाटली. कुकर नागपूरच्या एका जोडप्याला दिला. फार फिरलेला कुकर आहे तो, बिऱ्हाडामागून बिऱ्हाड. आमच्याकडेही जाणाऱ्या मैत्रिणीकडूनच आला होता. फक्त सांगितलं, रविवारी शिट्टी जपून. रविवारी तिथे भिंतीला भोक पाडायचं नाही, काचेच्या बाटल्या डब्यात टाकायच्या नाहीत, दुकानं बंद. रविवारची विश्रांती तर त्यांच्या राज्यघटनेतच आहे.

– दिला म्हणजे फुकट दिलास ना?

– पंधरा युरो घेतले.

– अगं, मैत्रीत पैसे?

– काकू, मी पण पंधराच दिले होते.