लोंबतं चाक गप्प असतं

बोईसरमध्ये राहून स्पोर्ट्‌स कार बाळगणारा माणूस एक तर गडगंज असतो, नाही तर गाढव. माझ्या पासबुकात गडगंज असं काही नाही.

गाडीचं नाव सॅन स्टॉर्म. ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, माझ्या विमा एजंटानंही ऐकलं नव्हतं. 1998 साली बाजारात आलेली, गोव्यात बनलेली ही उघड्या टपाची दोन सीटांची गाडी. अंग फायबरचं, इंजिन रेनॉचं, 1149 सीसी, ताकद 60 अश्वशक्ती. म्हणजे आमच्या सोसायटीतली कुठलीही नवी हॅचबॅक चिल्हार फाट्यापर्यंत तिला सहज मागे टाकेल. पण हॅचबॅकमधून उतरणाऱ्याकडे कुणी बघत नाही. माझ्याकडे सगळे बघतात. मला उतरायला वेळच तेवढा लागतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख झाला नसता. बावन्नाव्या वर्षी मला वाटलं, गाडी अजून जरा रुबाबदार दिसायला हवी. म्हणून मुंबईत एका दुकानात जाऊन रुंद टायर घातले आणि मागच्या स्प्रिंगांचा अर्धा-अर्धा वेढा कापून गाडी खाली बसवून घेतली. दुकानदार नको म्हणत होता. मीच त्याला म्हटलं, "मी इंजिनिअर आहे."

महिन्याभरात मागून आवाज सुरू झाला.

तारापूर एमआयडीसीत मी अठ्ठावीस वर्षं मेंटेनन्स बघतोय. पंपाच्या बेअरिंगवर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून "अजून पंधरा दिवस" म्हणायचं, ही माझी ख्याती. तेव्हा हा आवाज आपणच पकडायचा असं ठरवलं. पहिला संशय बायकोवर गेला. ती शेजारी बसली की आवाज वाढतो असं मी तिला अत्यंत शास्त्रीय भाषेत समजावलं. तिनं विचारलं, "अहो, पण आवाज तुमच्या बाजूनं येतोय ना?"

आवाज उजवीकडूनच येत होता. मी विषय बदलला.

रविवारी गाडी जॅकवर चढवली, आत शिरलो, चाक हातानं गरागरा फिरवलं. काहीही घासेना. सगळीकडे बोटभर फट. खाली उतरवून उमरोळीपर्यंत जाऊन आलो तर प्रत्येक खड्ड्याला तोच आवाज, आणि त्या रस्त्यावर खड्डा नाही अशी जागा टँकरवाल्यांनी शिल्लक ठेवलेली नाही. शेवटी नाक मुठीत धरून फाटकापलीकडच्या मिस्त्रींकडे गेलो.

"काय होतंय?"

"मागच्या सस्पेन्शनमध्ये ग्राइंडिंग नॉइज आहे."

"ते जाऊ द्या. खडखड का खुळखुळ?"

इथं मला थोडं थांबलं पाहिजे, कारण त्या दिवशी मला कळलं की आपली भाषा ही मुळात गॅरेजसाठी तयार झालेली असावी. मिस्त्रींच्या मते खडखड म्हणजे नट सैल. खुळखुळ म्हणजे पोकळ जागेत काहीतरी सुटं पडलंय, बहुधा तुमचंच नाणं. टकटक इंजिनाच्या डोक्यातून येते. कुरकुर म्हणजे रबर सुकलंय. ती पहिल्या पावसात बंद होते आणि दिवाळीला परत येते. चर्र म्हणजे ब्रेक, आणि ते ऐकून छातीत झालं तर तेही चर्रच. करकर वेगळी, किरकिर वेगळी; किरकिर बहुतेक वेळा गिऱ्हाइकाची असते. मी चाचरत म्हटलं, "घरघर म्हणता येईल." त्यांनी पाना खाली ठेवला. "साहेब, घरघर बेअरिंगची. आणि घरघर लागली असं गाडीबद्दल बोलू नये." कारखान्यात आमच्याकडे कंपन मोजायचं यंत्र आहे, पडद्यावर आलेख काढतं. त्याला कुरकुर आणि किरकिर यांतला फरक अजून सांगता आलेला नाही. इतक्या ध्वन्यनुकारी शब्दांचा धनी असलेला मी मात्र घोकलेलं 'ग्राइंडिंग नॉइज' घेऊन आलो होतो.

"उद्या ऐकून या," मिस्त्री म्हणाले, "आणि मराठीत सांगा."

संध्याकाळी गाडी सोसायटीत शिरली तेव्हा आई गॅलरीत बसली होती. जिना चढून गेलो तर म्हणाली, "अरे, ते घासतंय. माझ्या गुडघ्यासारखं. पाय लोंबता ठेवला की गुडघा गप्प असतो. भार दिला की बोलतो."

जॅकवर चढवलेल्या गाडीचं चाक लोंबत असतं. भार नसतो, स्प्रिंग मोकळी होते, फट उघडते. अठ्ठावीस वर्षांच्या मेंटेनन्सला हे सुचलं नव्हतं.

आणि गुडघ्याचं म्हणाल तर ती करकर मी पाच वर्षं ऐकतोय. आई देवघरातून उठते तेव्हा टीव्ही चालू असला तरी ऐकू येते. मी टीव्हीचा आवाज वाढवतो. "वयानं होतं आई," हे माझं त्यावरचं निदान; डोळे मिटायचीसुद्धा गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी मागची चाकं जाड फळ्यांवर चढवली, गाडी स्वतःच्या पायांवर उभी ठेवूनच. खिशातली चुन्याची डबी काढली आणि बोटानं सस्पेन्शनच्या आर्मच्या कडेला चुन्याचा एक पट्टा ओढला. चुना वाळल्यावर ते एकटेच गाडी घेऊन गेले. आले, वाकून पाहिलं, चुना जसाच्या तसा. मग म्हणाले, "आता तुम्ही जाऊन या." मी नवापूर नाक्यापर्यंत जाऊन आलो. पट्ट्याच्या मधोमध दोन बोटं चुना साफ पुसला गेलेला, खालचा पत्रा चांदीसारखा चकचकीत, आणि समोर टायरच्या आतल्या कडेवर तेवढीच पांढरी रेघ.

मिस्त्री बावन्न किलोचे. मी चौऱ्याण्णव.

अर्थात सगळं पोटावर ढकलून चालणार नाही. आर्मचा बुश झिजून एका बाजूला लंबगोल झाला होता, म्हणून भार पडला की चाक तिरकं व्हायचं. रुंद टायर आणि कापलेली स्प्रिंग यांनी उरलेली फट आधीच खाल्ली होती. गाडी बनायची केव्हाच बंद झालेली, तयार बुश कुठून आणणार? एमआयडीसीतल्या एका लेथवाल्यानं पॉलीयुरेथेनच्या रॉडमधून दोन बुश काढून दिले. जुने अरुंद टायर माळ्यावरून उतरवले. जाड तारेच्या नव्या स्प्रिंगा बसवल्या. गाडी पुन्हा पहिल्याएवढी उंच झाली, रुबाब गेला, आवाजही गेला.

उंच झाली म्हणून आईला म्हटलं, चल, चिंचणीच्या समुद्रावर एक चक्कर मारू. ती दाराला धरून थोडी वाकली, करकर झाली आणि ती सरळ उभी राहिली. ही गाडी घेऊन चार वर्षं झाली, आई तिच्यात एकदाही बसलेली नाही. मी कधी विचारलंच नव्हतं.

पालघरच्या हाडांच्या डॉक्टरांची गुरुवारी सकाळी दहाची वेळ मिळाली आहे. रिक्षा सांगून ठेवली आहे.