जनरल मोटर्सच्या मोठ्या साहेबांस पन्हाळ्याहून पत्र

प्रति,
माननीय संचालक मंडळ,
जनरल मोटर्स, डेट्रॉइट

विषय : तळेगावचा कारभार चोख गुंडाळल्याबद्दल जाहीर अभिनंदन

महोदय,

तळेगाव तुमच्या नकाशावरून एव्हाना पुसलं गेलं असेल. पन्हाळा तर त्यावर कधी नव्हताच. तरी लिहितोय, कारण आमच्या तालुक्यातली पोरं आयटीआय करून फिटर, वेल्डर होतात आणि पुणे, चाकण, तळेगावचा रस्ता धरतात. तिकडं कुठल्याही कंपनीच्या गेटला कुलूप लागलं, की इकडं वाघबिळाच्या चहाच्या गाड्यावर त्याची चर्चा रंगते. तिथं तुमचं नाव आदरानं घ्यावं लागतं. इतक्या सफाईनं काढता पाय घेणं सगळ्यांनाच कुठं जमतं?

२००८ मध्ये तुम्ही तळेगावात कारखाना उघडलात. आमच्याकडं स्थळाच्या बायोडाट्यात 'पुण्यात कंपनीत, परमनंट' एवढं लिहिलेलं असलं, की मुलीचा बाप शेती किती हे विचारायचंही विसरतो. त्या एका शब्दावर लग्न ठरतं, पतसंस्था घराला कर्ज देते, धाकट्याची कॉलेजची फी भरली जाते. २०१७ मध्ये तुम्ही भारतात शेवरोले विकणं बंद केलंत, पण तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी चालू राहील असा शब्द दिलात. शब्द पाळलातही. चांगली तीन वर्षं!

जानेवारी २०२० मध्ये कारखाना चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला विकायचं ठरलं. पुढं गलवान घडलं आणि चिनी गुंतवणुकीची फाइल सरकारदरबारी अडकली. फाइल अडकली, तुम्ही नाही. डिसेंबर २०२० मध्ये लाइन थांबवलीत. कारखाना बंद करायला राज्य सरकारनं परवानगी नाकारली, तरी तुम्ही डगमगला नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना, १,४१९ कामगारांच्या हातात ले-ऑफची नोटीस ठेवलीत. कारखाना बंदही नाही आणि चालूही नाही. असली तिसरी अवस्था शोधायला डोकं लागतं.

ले-ऑफमध्ये कायद्यानं मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून होणाऱ्या रकमेच्या निम्मी भरपाई मिळते. आता पगाराच्या स्लिपवर मूळ पगाराचा आकडा किती अंग चोरून बसलेला असतो आणि बाकीचे भत्ते किती ऐसपैस पसरलेले असतात, हे ज्यानं ती स्लिप पाहिली आहे त्याला सांगायला नको. त्या बारक्या आकड्याचं निम्मं. बँकेचा हप्ता मात्र पुरा, कारण बँकेला ले-ऑफ देता येत नाही. त्याच २०२१ साली तुमच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना मिळालेला मोबदला सुमारे २ कोटी ९० लाख डॉलर होता. त्यात मूळ पगार किती आणि भत्ते किती, हे विचारण्याचा आगाऊपणा आम्ही करत नाही.

विचारायचं आहे ते वयाबद्दल. २००८ मध्ये बाविशीत लागलेला पोरगा २०२१ मध्ये पस्तिशीचा होतो. 'ट्रेनी पाहिजेत'च्या जाहिरातीत त्याचं वय बसत नाही आणि पेन्शनला वीसेक वर्षं बाकी असतात. त्याची पोरं शाळेत, आईबाप औषधावर. त्याला कंत्राटदाराकडं नव्यानं सुरुवात करायला लावणं हा तुमच्या लेखी अनुभवाचा गौरव असावा.

मग ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईशी करार झाला. त्यात जमिनीचे हक्क आले, इमारती आल्या, ठरावीक यंत्रं आली. नव्या मालकानं आम्हालाही घ्यावं म्हणून कामगार संघटना घसा कोरडा करत राहिली. पण लाइनवरच्या मशिनचा सूर जरा बदलला तरी बिघाड कुठं आहे हे पाठमोरं उभं राहून सांगणारा माणूस मालमत्तेच्या यादीत कसा येणार? यंत्राला घसारा लावता येतो, विकताना किंमत लावता येते. माणसाला फक्त नोटीस लावता येते, तीही गेटवर.

गेट बंद होणं आम्हा कोल्हापूरकरांना नवं नाही. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये उभारलेली शाहू मिल २००३ मध्ये बंद पडली. तिच्या भोंग्यावर शहराची घड्याळं लागायची. पण ती निदान शंभरीच्या जवळ गेली होती. तुम्ही बारा-तेरा वर्षांतच उरकलंत.

आणि चिकाटीचं म्हणाल, तर १६६० मध्ये आमच्या गडाला वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर मार्चपासून भर पावसाळ्यात तळ ठोकून होता. इथला पाऊस आम्हालाही झेपत नाही, त्यानं झेलला. शत्रू होता, पण पाऊस लागला म्हणून तंबू विकून गेला नाही.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
पन्हाळ्याचा एक रहिवासी

ता. क. : १९२८ मध्ये तुम्ही पहिल्यांदा मुंबईत गाड्या जोडायला आलात आणि १९५४ मध्ये गेलात. नव्वदच्या दशकात परत आलात, परत गेलात. तिसऱ्यांदा याल याबद्दल आम्हाला शंका नाही. त्या वेळी भूमिपूजनाच्या दिवशीच एक कागद तयार ठेवा : कारखाना विकला तर विकणाऱ्याच्या पैशातून सगळ्यात आधी कामगारांची देणी भागतील आणि घेणाऱ्याकडं पहिली नोकरी त्यांनाच मिळेल. त्यावर सही झाली की नारळ आम्ही आणतो.